एका वर्सात पानी वळत नाय

जनू गावंडला आमच्या खारेपाटात कुणी कधी हुशार म्हटल्याचं मला आठवत नाही. हट्टी म्हणत, फाटक्या तोंडाचा म्हणत, आणि त्याची बायको सगुणाकाकू रागात असल्या तर आणखीही पुष्कळ म्हणत. हुशार हा शब्द आम्ही पेणकरांनी वेळेवर जमिनी विकणाऱ्यांसाठी राखून ठेवलाय. जनूनानाने काहीच विकलं नाही. जे होतं ते त्याने एका सकाळी, फुकटात, सर्वांदेखत घालवलं.

त्याला विद्या एकच येत होती. चिखल वाचता यायचा. लग्नाच्या मांडवात पाय धुवायला बसलेल्या पाहुण्याच्या टाचेकडे बघून तो सांगायचा, "तुम्ही बाहेरच्या बांधावरनं आलात. आनि निघालात तवा भरती चढत होती." पाहुणा थक्क व्हायचा आणि पुष्कळदा अडचणीतही यायचा, कारण बायकोला तो बाजारात जातो म्हणून सांगून आलेला असायचा.

विद्या परवडली, पण तिच्याबरोबर एक खोड आलेली होती. दुसऱ्याने चुकीचं वाचलेलं त्याला सोसायचं नाही. तरुणपणी अठरा उन्हाळे तो मिठागरात राबला. एकदा मीठ बिघडलं तेव्हा मुकादम म्हणाला, दक्षिणेचं वारं सुटलं होतं. नानाने वाळलेल्या गाळावरच्या बारीक लाटा दाखवल्या आणि चार माणसांत सांगितलं की वारा पश्चिमेचा होता, मुकादम तेव्हा झोपला होता. मुकादमाने आठ दिवस कामावर घेतलं नाही. वारा पश्चिमेचाच होता.

आमच्या काळेखारात नानाची दोन एकर तेरा गुंठे भातजमीन. काळेखार भरतीच्या पाण्याहून खाली आहे. मधे मातीचा बांध म्हणून तिथे भात, नाहीतर ती खाडीच. हा बांध पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वाटलेला. आपल्या वाट्याचा बांध आपण राखायचा, शेजाऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. लावला तर तो आळशी आहे असं गावभर सांगितल्यासारखं होतं, आणि त्यावरून दोन दिवाळ्या अबोला धरता येतो.

चौदा वर्षांपूर्वी श्रावणात नानाला बांधात खेकड्याचं बीळ दिसलं. मुठीएवढं. चिखलाची एक ढेप कोंबली असती तर तिथेच मिटलं असतं. पण बीळ नेमकं नानाच्या आणि त्याच्या चुलतभावाच्या, कमळाकरच्या, वाट्याच्या सीमेवर निघालं. नानाच्या मते ते कमळाकरच्या बाजूला हातभर होतं. कमळाकरच्या मते जनूला हात म्हणजे किती ते कळत नव्हतं. दोघांनी दोन दिवस दोरी लावून बांध मोजला. तिसऱ्या दिवशी पुनवेचं उधाण आलं. दोरी गुंडाळून होईपर्यंत बीळ दोघांच्याही वाट्याला पुरून उरेल एवढं झालं होतं.

बांध असा फुटला की त्याला आमच्याकडे खांड गेली म्हणतात. पूर्वी खांड गेली की हाक जायची, घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा आणि ओहोटीच्या सहा तासांत खांड बुजवायचा. त्या वर्षी हाक गेली तेव्हा अर्धा गाव कंपन्यांत कामाला होता. "रविवारी येतो", "शिफ्ट बदलली की येतो", असे निरोप आले. खाडी मात्र एकही शिफ्ट न चुकवता दिवसातून दोनदा आली. एकोणीस घरांची जमीन मिठाखाली गेली. नाना आणि कमळाकरचं बोलणं बंद झालं ते झालंच.

त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की नाना आणि सगुणाकाकू ओहोटीच्या वेळी आपल्या तुकड्यात उतरायचे आणि रुजलेली तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं उपटून काढायचे. बाकीचेही बघून बघून तेच करायला लागले. खारट चिखलात तिवर माजलं की ती जमीन शेत राहत नाही, खाडीची होते. म्हणून शेत नसलेल्या शेतात ही माणसं चौदा वर्षं बेणणी करत होती. पीक निघत नव्हतं. जमीन राहत होती.

मग गेल्या वर्षी बातमी आली की पाहणी होणार. जिथे खारं पाणी अलीकडे शिरलंय तिथे बांध बांधून मिळेल आणि जमीन भाताची म्हणून राहील. जिथे वर्षानुवर्षं भरतीच येतेय ती खाजण म्हणून नोंदली जाईल. तिथे मग नांगरही नाही आणि फावडंही नाही. कमळाकर गावात चार कागद हाताळलेला माणूस. त्याने पेणच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून एकोणीस घरांचे एकोणीस अर्ज लिहवून आणले, आणि सर्वांत एकच वाक्य घातलं: गेल्या पावसाळ्यातील उधाणाने बांध फुटून. चौदा वर्षं म्हटलं तर साहेब विचारणार, इतके दिवस काय करत होतात? त्याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते दोरीने मोजलेलं होतं.

नानाचा अर्ज कमळाकरने दुसऱ्याच्या हाती पाठवला. नानाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून काकूंनी वाचून दाखवला.

"गेला पावसाळा लिवलाय," काकू म्हणाल्या.

"लिवूदे," नाना म्हणाला आणि त्याने सही केली.

कागदावरचं खोटं त्याला चालायचं. कागद म्हणजे काय चिखल नव्हे.

पाहणीला अवकाश होता तोवर नमिता त्याला डोळ्यासाठी रोह्याला घेऊन गेली. नमिता ही त्याची लेक. रोह्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि पुलापलीकडच्या अष्टमी गावात राहते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा चढला, आणि नानाने नव्या डोळ्याने बघितलेली पहिली जमीन मंगळावरची होती.

झालं असं की नमिता शाळेच्या कार्यक्रमासाठी मंगळाचे फोटो जमवून कॉम्प्युटरवर लावत होती. नाना डोळ्यात थेंब घालून घ्यायला म्हणून शेजारी बसला.

"ह्यो कुठला खार गो?"

"बाबा, हा मंगळ आहे. आकाशातला."

नाना पुढे वाकला. बराच वेळ बघितलं. "वाळलाय," तो म्हणाला.

"हो, वाळलाय. कोट्यवधी वर्षं झाली. थेंब घालू?"

"थांब. ही उघाडी कुठं हाय?" उघाडी म्हणजे बांधातलं दार, ज्यातून पाणी आतबाहेर सोडतात.

"तिथे उघाडी कोण बांधणार, बाबा?"

"मग पानी हितनं आत आलं." त्याने पडद्यावर बोट टेकवलं. एका मोठ्या खड्ड्याच्या काठाला खिंडार होतं आणि आतल्या बाजूला गाळ बोटं फाकलेल्या पंजासारखा पसरला होता. "अरुंद वाटेनं जोरात आलं, आत आल्यावर दम संपला, हातातलं टाकून दिलं. उघाडीच्या तोंडाशी नाय का होत?"

नमिताने थेंबांची बाटली खाली ठेवली. फोटोखाली तिने तेच लिहिलं होतं, पण पाच ओळींत.

पुढच्या फोटोत लांबच लांब, वळणं घेत गेलेला उंचवटा होता. खाली लिहिलं होतं: वाऱ्याने तयार झालेली टेकडी.

"हे चूक," नाना म्हणाला.

"काय चूक?"

"टेकडी नाय. हा नाला हाय."

"बाबा, नाला खोल असतो. हा वर आलाय."

"मिठागर बंद पडल्यावर तू गेलीस कवा तिथं? पाट असतो, त्यात गाळ बसतो, मीठ बसतं, दगडासारखा होतो. आजूबाजूचं असतं पिठावानी. मग वारा येतो, पीठ सगळं घेऊन जातो. पाट ऱ्हातो उभा. खालचं वर येतं." त्याने चष्मा वर सरकवला. "मानसांचंबी व्हतं तसं. पण पाटाला लाज नसते."

नमिताने शोधलं. शास्त्रज्ञ तेच म्हणत होते. तिने ओळ खोडली.

शाळेच्या कार्यक्रमात मग तिने बापालाच उभं केलं. काळा चष्मा, इस्त्रीचा सदरा, हातात वर्गातली लाकडी पट्टी. आधी लोकांना वाटलं देणगीदार असेल. नंतर पाऊण तास कुणी हललं नाही. एकदाच आलेल्या पाण्याला घाई असते, ते सरळ जातं, तो सांगत होता. वळायला पाण्याला वर्षं लागतात. "ही वळनं बघा. हितं पानी पावनं नव्हतं. ऱ्हायला आलं होतं." मग पाणी गेलं आणि वाऱ्याने संसार थाटला. पाण्याची लाट दोन्ही अंगांनी सारखी उतरते, वाऱ्याची एका अंगाने सावकाश चढते आणि दुसऱ्या अंगाने कोसळते. म्हणून वाळलेल्या जमिनीवरही कोण आलं होतं ते कळतं. 

कुणीतरी विचारलं, पाणी तिथे किती वर्षं होतं?

"ते नाय सांगनार. तिथला चिखल मी हातात घेतलेला नाय."

मुख्याध्यापकांनी विचारलं, मग पुढेमागे तिथे शेती होईल का?

"बांध कोन राखनार?" नाना म्हणाला. सगळे हसले. त्याने विनोद केलेला नव्हता.

त्या लोकांत प्रविण बसला होता. नमिताच्या खालच्या मजल्यावर राहणारा, जमीन मोजणीच्या कामावर कंत्राटाने लागलेला मुलगा. लग्न ठरलेलं, नोकरी न ठरलेली. तो दुसऱ्या दिवशी वही घेऊन वर आला. "नाना, मला हे शिकवा. आम्हाला यंत्र शिकवतात, जमीन कुणी शिकवत नाही." नाना एवढा खूश झाला की डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती राहिली बाजूला. पंधरा दिवस रोज संध्याकाळी दोघं कुंडलिका नदीच्या काठावर. प्रविण वळणं मोजायचा, नाना चुका काढायचा. "डोळा माझा कापलाय का तुझा?" असंही एकदा पुलावरच्या लोकांना ऐकू आलं म्हणतात.

पाहणी फाल्गुनात झाली. नमिताला मंगळाचे फोटो घरबसल्या मिळाले होते. काळेखाराचे वरून काढलेले फोटो मात्र मागून मागून साहेबांनाही मिळाले नव्हते. त्यामुळे साहेब स्वतः आले, गुडघ्यापर्यंत बूट घालून. बरोबर मोजणीला प्रविण. एकोणीस घरं बांधावर ओळीने उभी. खांडीतून येणारा ओहोळ नानाच्या तुकड्यातून जात होता, म्हणून पाहणी तिथूनच सुरू झाली, आणि जे तिथे ठरेल तेच सर्वांना लागू होणार होतं.

ओहोटी होती. चिखल स्वच्छ उघडा पडला होता. ओहोळ या बांधापासून त्या बांधापर्यंत, ऐटीत, चार भरदार वळणं घेत गेला होता.

"किती दिवसांचं असेल हे?" साहेबांनी प्रविणला विचारलं.

प्रविणने ओहोळाकडे बघितलं. पंधरा दिवसांची शिकवणी झालेला मुलगा. त्याला पहिल्या वळणालाच कळलं असणार. त्याने मान वर करून बांधावर बघितलं. नाना, काकू, पुढे कमळाकर. मग त्याने वहीत डोकं घातलं.

"ताजं दिसतंय, सर. एका पावसाळ्यातलं."

साहेबांनी पेन काढलं. त्यांना दुपारी आणखी दोन गावं करायची होती. कमळाकरने रोखलेला श्वास सोडला तो मला चार माणसं सोडून ऐकू आला.

"काय?" नाना म्हणाला.

प्रविण वहीत लिहीत राहिला.

"काय म्हनालास प्रविण?"

"नाना, तुम्ही जरा थांबा."

"थांबू काय? कुंडलिकेवर काय शिकवलं मी तुला? वळन मोज की. चार हायत."

"अवो," काकूंनी त्याची बाही धरली.

"नाय, पन ह्याला पंधरा दिवस शिकवलंय मी." त्याने बाही सोडवली आणि चिखलात उतरला. "एका वर्सात पानी वळत नाय, सायेब. एका वर्साचा ओहोळ काठीसारखा सरळ असतो."

साहेबांचं पेन थांबलं. "मग किती वर्षांचं म्हणता?"

इथे तरी त्याला आठवायला हवं होतं. पण साहेबाने विचारलं होतं, चिखल हाताखाली होता आणि डोळा नवा होता. तो ओहोळाच्या काठाशी उकिडवा बसला, काठाची माती बोटाने सुरीसारखी कापली आणि आतले थर साहेबांना दाखवले. पावसाळ्यात वरून येणारा गाळ तांबूस, बाकी वर्षभर खाडीचा काळा. एक तांबडा, एक काळा, म्हणजे एक वर्ष. तो मोजायला लागला. साहेब वाकून बघत होते. एक, दोन, तीन. प्रविण दुसरीकडे बघत होता. नऊ, दहा. नानाच्या तोंडावर असा आनंद की नमिताच्या लग्नातही मी तो बघितला नव्हता.

"चौदा," नाना म्हणाला. "मोजून घ्या. आनि हा खालचा सगळा भाताचा चिखल. त्याचा रंगच निराळा."

"वा," साहेब म्हणाले. मनापासून म्हणाले. आणि त्यांनी लिहून घेतलं.

नाना उठला, हात धुवायला वळला, आणि तेव्हा त्याला बांधावरची तोंडं दिसली. चौदा वर्षांत पहिल्यांदा कमळाकर त्याच्याशी बोलला.

"त्या वेळेस बांध तू फोडलास का मी, ते ऱ्हाऊदे जनू. आज तूच फोडलास."

नानाने ओलेच हात सदऱ्याला पुसले. प्रविण यंत्र गुंडाळत होता. जाता जाता तो नानाजवळ थांबला.

"नाना, मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं."

"मना कळलं ते."

"कधी?"

"चौदा म्हनल्यावर."

महिन्याभराने कागद आला. सर्व एकोणीस अर्ज नामंजूर, नोंद खाजण. कारण म्हणून लिहिलं होतं: भरतीचे पाणी चौदा वर्षांपासून येत असल्याचे अर्जदार क्रमांक सात यांनी स्वतः जागेवर सप्रमाण दाखवून दिले. जनूनानाची विद्या सरकारी कागदावर मान्य झाली ती अशी. 'सप्रमाण' हा शब्द पेणच्या टायपिस्टने ठळक केला होता.

गावाने काही फार केलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. नानाला भांडता येतं. गावाने त्याला विचारणं बंद केलं. पाहुण्यांच्या टाचा, मोटारींची चाकं, विहिरीच्या तळाचा गाळ, काहीच कुणी त्याच्यापुढे आणेना. तो नाक्यावर आला की लोक आपापल्या पायांकडे बघत. नमिताने फोन केला की शाळेत पुन्हा बोलावलंय, या वेळी पेपरवालेही येणार आहेत. "डोळा दुखतो," नाना म्हणाला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्याने करून घेतलंच नाही.

मी कागद आल्यानंतर चार दिवसांनी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ. काकूंनी जेवायला बसवलं. ताटात लाल भात होता.

"खारातला तांदूळ?" मी विचारलं. तो खाऱ्या चिखलातही तग धरणारा जुना तांदूळ आमच्याकडे कुणी बघितला त्याला वर्षं झाली होती.

"आपलाच," काकू म्हणाल्या. खांब गावात त्यांचा भाऊ राहतो. बांध फुटला त्या वर्षी त्यांनी दोन पायल्या बियाणं त्याच्याकडे नेऊन दिलं होतं. दरवर्षी तो शेताच्या एका कोपऱ्यात त्यातलं थोडं पेरायचा, पिकलं की सगळं पुन्हा बियाण्याला ठेवायचा, म्हणजे जमीन परत मिळाली की बी शोधत फिरायला नको. चौदा वर्षं कुणी त्यातला एक दाणा शिजवला नव्हता. परवा काकू एसटीने गेल्या आणि सगळं घेऊन आल्या. गिरणीत भरडून आणलं. भाऊ विचारत होता, पेरायला थोडं ठेवू का? काकूंनी नको म्हणून सांगितलं.

नानाने पहिला घास घेतला आणि तो चावायचा थांबला. मला ते ओळखीचं होतं, चूक सापडली की तो असाच थांबायचा. तो तांदूळ खांबच्या गोड्या मातीत चौदा पिकं काढून बदलला होता. फिका लागत होता, माझ्यासारख्यालाही कळत होतं. खारातल्या भाताला भाजीशिवाय चव असते. नानाला तर कोपरा कुठला, पाणी विहिरीचं की कालव्याचं, हेही कळलं असणार. मी वाट बघत होतो.

"कसा झालाय?" काकूंनी विचारलं.

नानाने घास गिळला.

"चांगला झालाय," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. सफाईदारपणे जमलं होतं. काकू त्याच्याकडे जरा बघत राहिल्या, मग त्यांनी पातेलं पुढे ओढलं आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला. तो त्याने मुकाट्याने संपवला.